पावसाळा वगळून

सुरतेत पुराला 'रेल' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, आत्या रेल्वेबद्दलच बोलतेय. आम्ही दोंडाईच्याहून सुरत-भुसावळ लाईनच्या पॅसेंजरनं तिच्याकडे जायचो, त्यामुळे घोटाळा आणखीच व्हायचा. "अडुसष्टची रेल आली तेव्हा आम्ही सगळे दुसऱ्या माळ्यावर होतो," असं ती सांगायची, आणि माझ्या डोळ्यांपुढे जिन्यावरून चढणारी आगगाडी यायची.

आत्याचं घर गोपीपुऱ्यात. अरुंद, लाकडी, उंच जोत्याचं. गल्लीतून ओट्यावर यायला पाच पायऱ्या. आत शिरल्यावर डाव्या हाताला सागवानी खांब, आणि त्या खांबावर माझ्या डोक्याच्याही वर सुरीनं कोरलेली एक आडवी रेघ. तीच १९६८ची रेल. दर दिवाळीला घर रंगवायचे, पण त्या खांबाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. "ती रेघ घरातली वडीलधारी आहे," असं आत्याचे सासरे म्हणायचे.

पुढे घर अपुरं पडायला लागलं. आत्याच्या मुलांनी तापीपलीकडे अडाजणला फ्लॅट घेतला. आत्याचे गुडघे दुखतात म्हणून मुद्दाम तळमजल्याचा. रुंद रस्ते, पार्किंग, खिडकीसमोर बाग. तिथे खांब नव्हता आणि रेघही नव्हती. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. नव्या वस्तीला कसली आलीय आठवण?

मग २००६ची नारळी पौर्णिमा आली. त्याआधीच उकाई धरणातून पाणी सोडायला लागले होते. पौर्णिमा आणि राखी ९ तारखेला होती. शहरातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी गेलं, असं नंतर जाहीर झालं. शहरातलं पात्र त्याच्या निम्म्याच्या आसपासच पाणी निमूटपणे वाहून नेऊ शकत होतं. होप पुलाजवळ धोक्याची पातळी साडेनऊ मीटर; पाणी बारा मीटरच्या वर गेलं. शहराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग बुडाला. शंभरावर माणसं गेली. अडाजण आणि रांदेरचे हाल सगळ्यांत वाईट झाले. आत्या चार दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होती. आयुष्यभर पाणी गाळून, उकळून प्यायलेली बाई. ती मला म्हणाली, "गाळायचं कसलं, चहूकडे पाणी आणि घोटभर पाणी नाही."

पाणी ओसरल्यावर तिनं फ्लॅटच्या भिंतीवर रेघ ओढली. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी रंगकामात ती पुसून टाकली. फ्लॅट विकताना अडचण होते म्हणे.

काही वर्षांनी कामानिमित्त माझ्या हाती एका किनारी वसाहतीचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल आला. जाडजूड, रंगीत नकाशे, हवेचे आकडे, पक्ष्यांच्या याद्या. सुरुवातीच्याच एका पानावर एक वाक्य होतं: पायाभूत माहिती पावसाळा वगळून एका हंगामात गोळा केली आहे. मी ते दोनदा वाचलं. वाटलं, छपाईची चूक असेल. चूक नव्हती. आपल्याकडच्या पुष्कळशा अहवालांची ती रीतच आहे. पावसात हवेतली धूळ खाली बसते, मोजणी फसवी येते, म्हणून कोरड्या दिवसांत मोजायचं. हवेपुरतं ते बरोबरही असेल. पण त्याच वाक्याच्या आधारानं सगळ्या जागेचं चित्र काढलं जातं. आणि सुरतेवरची बहुतेक मोठी संकटं पाण्यातून, पावसाळ्यातच आलीत.

हे वाक्य मनात घेऊन मी सुरतेचा इतिहास पुन्हा वाचला. तेव्हा लक्षात आलं की पावसाळा वगळून सुरत बघायची सवय जुनी आहे.

१६१२ साली इंग्रजांची जहाजं आली ती सुरतेच्या धक्क्याला लागलीच नाहीत. तापीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा, आत पाणी उथळ. मोठी जहाजं सुवाळीला, नदीच्या मुखाच्या उत्तरेला, शहरापासून सुमारे बारा मैलांवर नांगर टाकायची. माल तिथून होड्यांनी नाही तर बैलगाड्यांनी यायचा. हा सगळा कारभार पावसाळा संपल्यावर सुरू व्हायचा आणि पुढचा पावसाळा यायच्या आत आवरला जायचा. सुवाळीच्या किनाऱ्यावर त्या महिन्यांत तंबूंचा बाजार भरायचा. नैर्ऋत्य वारे सुटले की सुवाळीला कोण थांबणार? परदेशी लोकांच्या लिखाणात सुरत म्हणजे हुंड्या, नीळ, कापड, हज यात्रेची जहाजं आणि वीरजी व्होरासारखा जैन सावकार, ज्याच्याकडून इंग्रज कंपनीसुद्धा कर्ज घ्यायची. आषाढ-श्रावणातली सुरत त्यात त्या मानानं कमीच दिसते. व्यापाराच्या हिशेबात ते बंदचे महिने.

आपल्या मराठी इतिहासातली सुरतही जानेवारीतली आणि ऑक्टोबरातली आहे. शिवाजी महाराज १६६४च्या जानेवारीत आले, पुन्हा १६७०च्या ऑक्टोबरात. सैन्यं पावसाळ्यात हलत नसत. पहिल्या स्वारीनंतर मुघलांनी शहराभोवतीच्या मातीच्या भिंतीऐवजी विटांचा तट बांधायला घेतला. जमिनीवरून येणाऱ्या धोक्याचं मूल्यांकन असं लगेच झालं, त्यावर पैसाही खर्च झाला. नदी मात्र तशीच राहिली.

तापीत गाळ साचत गेला म्हणून सुरत बुडाली आणि मुंबई वर आली, असं शाळेत थोडक्यात शिकवतात. इंग्रजांनी १६८७ साली आपलं मुख्य ठाणं मुंबईला हलवलं हे खरंच. पण आशिन दास गुप्ता या इतिहासकारांनी सुरतेच्या व्यापाऱ्यांवर जे पुस्तक १९७९ साली लिहिलं, त्यात त्यांनी दाखवलं की अठराव्या शतकातली उतरण मुख्यतः मुघल, इराणी आणि तुर्की या तीन सत्ता एकाच काळात डळमळल्यामुळे झाली. मला हे पटतं. नदी एकटी कुणाला बुडवत नाही. माणसांची व्यवस्था ढिली पडली की नदीचं ओझं सोसवत नाही. १८३७चं साल बघा. एप्रिलमध्ये आग लागली, नऊ हजारांहून जास्त घरं जळाली. त्याच वर्षी पावसाळ्यात पूर आला. सावरायला ज्यांच्याकडे काही होतं त्यातले कितीतरी मुंबईला निघून गेले. १८८३ला पुन्हा मोठा पूर. इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरत जिल्ह्याचं गॅझेटियर १८७७ला छापलं, त्यात शहराच्या पुरांचा हिशेब आहे. म्हणजे नोंद नव्हती असं म्हणायची सोय नाही.

आता नदीकडे तिच्या उगमापासून बघू. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहते. तिचं पाणलोट क्षेत्र पासष्ट हजार चौरस किलोमीटरचं, आणि त्यातला सुमारे चार पंचमांश भाग आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे बहुतेक खानदेशात आणि विदर्भाच्या कडेला. आमच्या दोंडाईच्याला ढग फुटला की ते पाणी आज ना उद्या सुरतेला पोचणार. उकाई धरण १९७२ला पुरं झालं. तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. धरण पूर अडवतं खरं, पण तेच धरण शेतीला, विजेला, कारखान्यांना पाणी साठवूनही ठेवतं. पूर अडवायला धरण रिकामं हवं, बाकी सगळ्यासाठी भरलेलं हवं. २००६ला धरण भरत असताना पाणी आधीपासून थोडं थोडं का सोडलं नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला, आजही विचारतात. पण दुसरा प्रश्न कमी विचारला जातो. धरण आहे या भरवशावर नदीच्या मोकळ्या अंगाखांद्यावर आपण किती घरं बांधली? आत्याचा फ्लॅट त्या भरवशावरच उभा होता.

आणि समुद्राकडूनही बघायला हवं. खंबातच्या आखातात भरती मोठी. हजिऱ्याला भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या आसपास जातो, अमावास्या-पौर्णिमेला सगळ्यांत जास्त. २००६चा पूर नेमका पौर्णिमेला टेकून आला. नदी वरून ढकलत होती, समुद्र खालून अडवत होता. समुद्राला नारळ देतात त्या तिथीला हे घडलं, ते अधूनमधून घडणारच, हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं.

आता एक योगायोग सांगते. आपल्या देशात प्रकल्पाआधी पर्यावरणाचं मूल्यांकन सक्तीचं करणारी पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ला निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात, पूर ओसरल्यावर साचलेल्या घाणीच्या दिवसांत, सुरतेत प्लेग आला आणि निम्मं शहर गाड्या भरभरून पळालं. आमच्याकडे दोंडाईच्याला स्टेशनवर उतरलेल्या सुरतवाल्यांना नातेवाईकसुद्धा घरात घेईनात. दुसरी, आज चालते ती अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ची. म्हणजे अडाजणच्या भिंती अजून ओल्या होत्या. आणि त्याच २००६ साली सुरत महापालिकेची हद्द ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६वर गेली. कायदा, पूर आणि नवं शहर एकाच वर्षी आले. तिघांची गाठ मात्र कुणी घालून दिली नाही.

प्लेगनंतर सुरतेनं जे केलं त्याचं कौतुक देशभर झालं आणि ते रास्तच होतं. पालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात दोनेक वर्षांत शहर ओळखू येईना इतकं स्वच्छ झालं. पण शहरातला कचरा उचलला की तो कुठेतरी टाकावा लागतो. तो पुढे नैर्ऋत्येला, समुद्राच्या बाजूला, खजोदला जाऊ लागला. शहराच्या मनात खजोद म्हणजे खारी, पडीक, कुणाची नसलेली जागा. आज त्याच खजोदला ड्रीम सिटी उभी राहतेय. १७ डिसेंबर २०२३ला तिथल्या हिरे बाजाराचं, डायमंड बोर्सचं उद्घाटन झालं. पंधरा मजल्यांच्या नऊ इमारती, सुमारे ६७ लाख चौरस फूट बांधकाम, चार हजारांवर ऑफिसं. अमेरिकेच्या पेंटागॉनपेक्षाही मोठी वास्तू म्हणून जगभर फोटो छापून आले. शहरातून तिथवर मेट्रोचं काम चाललंय. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात, त्यांचा बाजारही इथेच असावा ही इच्छा योग्यच आहे. त्या धंद्यात माझ्या नात्यातली माणसं आहेत, त्यांचं चांगलं झालेलं मला हवंच आहे.

माझा प्रश्न 'पडीक' या शब्दाबद्दल आहे. शहराच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या खाड्या, मिठी, कोयली, काकरा वगैरे, शहराचं पावसाचं पाणी घेऊन याच बाजूला, मिंढोळ्याच्या मुखाकडे येतात. भरतीला समुद्राचं पाणी त्याच वाटेनं वर चढतं. कोरड्या हंगामात बघाल तर ही जमीन खरंच ओसाड दिसते. चिखल, काटेरी झुडपं, कोळंबीची तळी. श्रावणात बघाल तर ती पाण्याची बसायची जागा आहे. एकाच जमिनीला हिवाळ्यात रिकामी म्हणायचं का पावसाळ्यात भरलेली, एवढाच मुद्दा आहे. पण त्यावर कुणाचं घर बुडणार हे ठरतं.

कुणाचं? तर लिंबायतचं. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातली हजारो कुटुंबं राहतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली, लूमवर काम करणारी. दुकानांच्या पाट्यांवर मराठी दिसते, गणपती तर आपल्या गावासारखाच. मिठी खाडी लिंबायतमधून जाते. गेल्या काही वर्षांत, २०२०ला, २०२४ला, २०२५च्या जूनमध्ये, तापीला पूर नसतानाही खाडी भरून घरांत पाणी शिरलं. सुरतेत याला 'खाडीपूर' असा वेगळा शब्दच पडलाय. कुणी अतिक्रमणाकडे बोट दाखवतं, कुणी मुखाजवळच्या कोळंबी-तळ्यांकडे, कुणी भरावाकडे. गाडीत भेटलेली लिंबायतची एक बाई मला म्हणाली, "ताई, धरणातून पाणी सोडतात तेव्हा सांगतात तरी. खाडी सांगून येत नाही. रात्री पाय खाली सोडला तर पाण्यातच."

या बाईला नव्या शहराबद्दल कुणी काही विचारलं असेल का? कायद्यात बघितलं. वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. पन्नास हेक्टरची किंवा दीड लाख चौरस मीटर बांधकामाची वसाहत असेल तर छाननी आणखी कडक. पण इमारती आणि वसाहती या प्रकाराला जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. मोठ्या बंदराला सुनावणी लागते. त्या वाटेनं हजिऱ्याचे मच्छीमार हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. २०१६ला पुण्याच्या पीठानं त्यांच्या बाजूनं निकाल देऊन तिथल्या बंदराच्या विस्ताराची मंजुरी रद्द केली, पुढे सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. निकाल काहीही लागो, त्यांचं म्हणणं कागदावर तरी आलं. नवं शहर वसवताना मात्र शेजारच्या जुन्या शहरानं बोलायची सोयच ठेवलेली नाही. शहर प्रदूषण करत नाही, धूर सोडत नाही, असा त्यामागे विचार असावा. शहर भराव घालतं आणि त्या जागेवर येणारं पाणी दुसरीकडे पाठवतं, हे लक्षात घेतलं गेलं नाही.

आणखी एक खोच आहे. मूल्यांकन एकेका प्रकल्पाचं होतं. इमारतीचं वेगळं, रस्त्याचं वेगळं, बंदराचं वेगळं. प्रत्येक अहवाल म्हणतो, आमच्यामुळे फारसा फरक पडत नाही. तेही खोटं नसतं. खाडीला मात्र सगळ्यांची बेरीज सोसावी लागते.

हे सगळं करता येत नाही असं नाही. आपल्या जवळचंच उदाहरण आहे. १९७०ला सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसवायला घेतली, तेव्हा भरतीच्या पातळीखालच्या दलदलीत शहर उभं करायचं होतं. तिथे डच पद्धतीनं धारण तलाव खोदले. भरती असताना पावसाचं पाणी त्या तलावांत थांबायचं, ओहोटीला झडपा उघडून खाडीत जायचं. म्हणजे शहराच्या नकाशात पावसाळ्याला जागा दिली होती. आता त्या तलावांत गाळ भरलाय, खारफुटी वाढलीय, ती तोडता येत नाही म्हणून गाळ काढता येत नाही, हा पुढचा तिढा. पण त्यावर आज निदान भांडता येतं, कारण जागा शिल्लक आहे. सुरतेनंही हे केलेलं आहे. मलिक गोपीनं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला गोपी तलाव पुढे कोरडा पडला, त्यात झोपड्या झाल्या. अलीकडे पालिकेनं तो मोकळा करून पुन्हा पाण्यानं भरला. पाण्याची जागा पाण्याला परत देता येते. फक्त पाचशे वर्षं थांबायला नको.

आमच्याकडे साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात. उन्हाळ्यात जी जमीन निर्जीव दिसते ती पावसात जीवांनी भरून जाते, पाय कुठे ठेवावा कळत नाही, म्हणून चालायचंच नाही. वर्षातले चार महिने जमीन वेगळी असते, एवढं त्यात गृहीत आहे. मला शहर वसवणाऱ्यांकडून उपवास-पोसह नको आहेत. पाया खणण्याआधी त्या जागेवर एक चातुर्मास कुणीतरी काढावा, मोजपट्टी घेऊन, पौर्णिमेच्या भरतीला, आणि जे दिसेल ते लिंबायतच्या चौकात मराठीत आणि गुजरातीत वाचून दाखवावं, एवढंच म्हणणं आहे. शिवाय शंभर वर्षांच्या पुरांची यादी अहवालाच्या पहिल्या पानावर छापावी. ती यादी शोधायला कुठल्या सल्लागाराची गरज नाही.

गेल्या हिवाळ्यात भाच्यानं मला बोर्स दाखवायला नेलं. ऊन छान होतं, वारा समुद्राकडून येत होता. आत संगमरवर, बाहेर लांबपर्यंत सपाट मोकळी जमीन. तो कौतुकानं मजले दाखवत होता आणि मी खांबांकडे बघत होते. त्याच्या लक्षात आलं. हसून म्हणाला, "रेघ शोधताय ना? आत्ते, इथं अजून एकही रेल आलेली नाही."

घरी आल्यावर त्याला गोपीपुऱ्याच्या खांबाचा फोटो पाठवला. त्याच्या लहानपणी तो त्याच खांबाला पाठ लावून आपली उंची मोजायचा. रेघेपर्यंत कधी पोचलाच नाही. म्हटलं, ऑफिसात लाव. त्यानं लावलाय, असं म्हणतो. पावसाळ्यात जाऊन बघेन.